खालच्या काकूंचं पाणी

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस, मागे तुझी कुठलीतरी लिफ्ट घरघरत असते, आणि मी भावाशी बोलतेय की यंत्राशी तेच मला कळेनासं होतं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागदाला मध्येच ‘बरं ताई, ठेवतो’ म्हणता येत नाही.

काम असं आहे. शहर सरकत सरकत आपल्या बांधापर्यंत आलंय. पालिकेला आता कुठे जाग आलीये. त्यांनी योजना काढलीये की ज्याला शेत शेतच ठेवायचंय त्याने तसं लिहून द्यायचं, तिथे पुढे कधी इमारत उभी करायची नाही. बदल्यात पालिका आपला पाट दुरुस्त करून देणार, गळती बुजवणार, वरच्या अंगाला एक तळं खणून देणार आणि पाटाचं पाणी चालू ठेवणार. लिहून नाही दिलं तर पाट बंद, सगळं पाणी नळाने नव्या इमारतींना. पाटाशिवाय आपलं शेत किती टिकेल? फार तर एक उन्हाळा. मग मी इथे काय ढेकळं राखत बसू?

पालिका म्हटली की अटी आल्याच. पाटावर निदान दोन घरं शेती करणारी हवीत, पाणी वाया जाता कामा नये, आणि जमीन ज्यांच्या नावावर आहे त्या सगळ्यांनी कचेरीत येऊन कारकुनासमोर सही करायची. आपल्या शेताला तू आणि मी. दोन घरांचं म्हणशील तर वरच्या अंगाला मी, आणि खालच्या अंगाला खालच्या काकू आहेतच.

काकू तुझी फार आठवण काढतात. गुडघे कुरकुरतात त्यांचे, पण पाण्याच्या वेळेला अजून हजर. आमचं जुनंच चाललंय. माझ्या पाळीचं पाणी झालं की मी पाटावरचं माझं लाकडी दार पाडते आणि मधल्या खांबाला लाल फडकं बांधते. मध्ये चढ आहे, हाक पोचत नाही, फडकं मात्र पोचतं. ते बघून काकू येतात, फडकं सोडतात आणि आपलं दार उघडतात. परवा म्हणाल्या, धाकट्याला म्हणावं लिफ्टमध्ये फार वर जाऊ नकोस, खाली यायचं विसरशील.

आणखी एक. हल्ली डोळ्यांना अंधुक दिसतं. तुझ्याकडे आठ दिवस आले तर मोठ्या डॉक्टरला दाखवून होईल, आणि भावजयबाईंच्या हातचा चहाही होईल. कधी येऊ ते कळव.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

‘ठणठणीत’ हा शब्द पहिल्याच ओळीत घातलास ते बरं केलंस. तोवर मी पाकीट घेऊन जिन्यातच बसलो होतो. हो, लिफ्टा दुरुस्त करणारा असून मी जिन्यानेच जातो. लोक हसतात. दिवसभर लिफ्टच्या पोटात काढल्यावर घरी जाताना तरी पाय जमिनीवर हवेत असं वाटतं.

योजना ऐकायला छान आहे. पण घाई कशाला? एकदा लिहून दिलं की दिलं, मग पुन्हा हात चोळत बसायला नको. तू तरी किती वर्षं एकटी दारं धरणार आहेस? विकायचं ठरवलंस तर तुला छोटंसं घर बघता येईल, तळमजल्यावर, पायऱ्या नसलेलं. रागावू नकोस, नुसतं मनात आलं ते लिहिलं. सहीला येईन मी, पण लगेच जमेलसं दिसत नाही. दोन इमारतींच्या लिफ्टांनी जीव नकोसा केलाय.

तुझं येण्याचं मात्र सध्या नको. घराला रंग काढलाय. सगळं सामान खोलीच्या मधोमध ओढून ठेवलंय, वासाने डोकं उठतं. तुझी भावजय नुसती वैतागलीये. तिने नमस्कार सांगितलाय. डोळे तूर्त तिकडेच दाखवून घे, हयगय करू नकोस.

काकूंना माझा नमस्कार. म्हणावं, खाली यायचं अजून विसरलो नाही.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

धाकट्या,

रंग कुठला लावलास? विचारते अशासाठी की मागच्या वर्षी मी यायचं म्हटलं होतं तेव्हाही तुझ्याकडे रंगच चालला होता. घर आहे की जहाज? भावजयबाईंना मी नको असेन तर सरळ लिही. मी काय उंबऱ्यावर धरणं धरून बसणार नाही. पण रंगाच्या डब्यामागे लपू नकोस, लहानपणापासून तुला नीट लपता येत नाही.

जाऊ दे. इथलं ऐक. काल पालिकेची इंजिनिअर येऊन गेली. पोरसवदा मुलगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी मनातल्या मनात तिचं नाव बूटवाली ठेवलंय. पाटाच्या काठाने वरून चालत आली, जागोजागी वाकून बघितलं, गळती दिसली की खूण केली. माझे वाफे बघून म्हणाली, ‘किती काटेकोर पाणी देता तुम्ही, एक थेंब बाहेर नाही!’ मी फुगले ना! मग ती खालच्या टोकाला गेली आणि परत आली ती तोंड पाडून.

म्हणाली, ‘आजी, खालचं दार बंद आहे आणि पाट भरून पाणी नाल्यात चाललंय. हे कुणाचं पाणी?’

मी म्हटलं, ‘आज काकूंचं पाणी.’

‘मग काकू कुठे आहेत?’

‘विसरल्या असतील. वय झालंय.’

‘विसरल्या तर तुम्ही तरी घ्यायचं. योजना पाणी वाचवायची आहे, आजी. इथे पाट नाल्याला पाणी पाजतोय. हे मला लिहावं लागेल.’

मला आजी म्हणाली ते एक वेळ सोड, आरसा माझ्याकडेही आहे. पण पाणी वाया घालवणारी बाई म्हणून माझं नाव पालिकेत लागणार, ह्या विचाराने रात्रभर माझा डोळा लागला नाही. आयुष्यभर थेंब थेंब राखला, आणि हे ऐकायचं!

मे महिन्याच्या अखेरीला बैठक आहे. काकूंना सोबत आणा, त्यांची सही लागेल, म्हणून बजावून गेलीये. मी मान हलवली. तू कधी येतोस?

ताई


२ एप्रिल

ताई,

बसलेली नसशील तर बस.

परवा नदीकाठच्या उंच इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीये, आत म्हातारं माणूस आहे. धावत गेलो. किल्लीने दार उघडलं तर आत एक म्हातारी पिशवीवर मस्त मांडी ठोकून बसलेली. घाबरलेली वगैरे अजिबात नाही. मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, ‘अरे धाकट्या! तू होय? मला वाटलं ह्या डब्यातच आता दिवस काढायचे. बरं, आज कुणाचं पाणी रे?’

आपल्या खालच्या काकू!

दीड वर्ष झालं म्हणे त्यांना इथे येऊन. मुलाकडे असतात, बाराव्या मजल्यावर. मुलगा-सून सकाळी कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात. तोवर काकू लिफ्टने खाली येतात आणि माळी बागेला पाणी घालतो ते बघत बसतात. त्याला ओरडतातही. मुळं कुजवशील, पुरे आता, असं.

मी त्यांच्यासमोर हसत उभा होतो आणि माझ्या खिशात तुझं पत्र होतं. ‘काकू विसरल्या असतील.’ अगं, कुठल्या काकू? फेब्रुवारीत तुला ‘परवा’ काय काय म्हणाल्या त्या काकू कोण? मी नमस्कार कुणाला पाठवला? मला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग घरी येईपर्यंत भीतीच वाटायला लागली. दीड वर्ष तू तिथे एकटी आहेस. खाली कुणी नाही, वर कुणी नाही. पडलीस-झडलीस तर कळणार कुणाला?

का लपवलंस? आणि काकू नाहीत तर त्यांचं पाणी तू घेत का नाहीस? नाल्यात का सोडतेस? मला काही म्हणता काही कळत नाहीये.

धाकटा


१० एप्रिल

धाकट्या,

पकडलंस.

हो, काकू गेल्या. त्यांच्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्यात, कोपऱ्या-कोपऱ्यात दगड पुरलेत. घराच्या खिडक्या-दारं कुणी काढून नेली. आता त्या भोकांमधून आरपार पलीकडचा रस्ता दिसतो. मी शक्यतो तिकडे बघत नाही. बूटवालीही पाटाच्या दारावरूनच परत फिरली, चढाआड गेली नाही, म्हणून वाचले.

तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणणार ते मला पाठ होतं. ‘आता तरी विक.’ हे झालं एक. दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. फोनवर काय, पत्रात काय, काकू असायच्या. सांगताना मला त्यांचं बोलणं सुचायचं, मी हसायची, आणि मग तेवढा दिवस बरा जायचा. नाहीतर माझ्याशी इथे बोलतं कोण? भाजीचा टेम्पोवाला ‘किती क्रेट?’ विचारतो, मी आकडा सांगते, झालं संभाषण. परवा मी विळा शोधताना मोठ्याने म्हटलं, ‘अगं बाई, इथेच तर ठेवला होता,’ आणि माझाच आवाज ऐकून दचकले. किती दिवसांनी ऐकला होता कोण जाणे.

पाण्याचं विचारतोस. जाताना काकूंनी माझा हात धरला होता. म्हणाल्या, ‘गुडघ्याचं ऑपरेशन करून येते. तोवर माझ्या पाण्याला कुणाला हात लावू देऊ नकोस.’ मी म्हटलं, नाही लावू देणार. मग मी तरी कशी लावू? मी ‘कुणी’ नाही का? माझं पाणी होतं, मी दार पाडते, फडकं बांधते. पुढे काकूंची पाळी. ते दोन दिवस पाणी माझ्या डोळ्यांदेखत खळखळत नाल्यात जातं, आणि इकडे माझे कांदे माना टाकतात. मी बांधावर बसून बघते. पुन्हा माझी पाळी आली की मीच जाऊन फडकं सोडून आणते. वेडी म्हण. पण चाळीस वर्षं ज्या पाण्याकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही, ते शेजारीण नाही म्हणून उपसायचं? तुझा कान मी ज्या कारणासाठी पिळला होता ते आठवतंय ना? काकूंच्या पाण्यात तू आपलं दार बोटभर उघडलं होतंस, कागदाच्या होड्या सोडायला.

बूटवालीला हे कुठल्या तोंडाने सांगू? ती म्हणेल, बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

त्यांच्या शेतात रेघा मारल्यात हे काकूंना ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. तू जाऊन भेट. येणार आहेत का, एवढंच विचार. खरं असेल ते सांगू देत, मी काही मोडून पडणार नाही.

ताई


६ मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. काकूंकडे जाऊन आलो त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण लिहून होईना. का ते पुढे येईलच.

काकूंनी मला खिडकीपाशी बसवलं. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, तिच्यावर पाइप उतरलेत. मी तुझा निरोप सांगितला, नाल्याचंही सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, ‘सही मीच केली रे. पोरगा कागद घेऊन पुढ्यात बसला, नाही म्हणवेना. तुझ्या ताईला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून येते म्हटलं. मला काय ठाऊक ती बया खरंच पाणी सोडत बसेल!’ मग हसल्या, मग रडल्या. निघताना म्हणाल्या, ‘घे म्हणावं माझं पाणी. माझ्या तोंडचा शब्द आहे म्हणावं. आणि ते फडकं बांधू नकोस, कुणी यायचं नाही.’

हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. पण खरं सांग म्हणाली होतीस.

आता माझं. ताई, रंग-बिंग काही नाही. मागच्या वर्षीही नव्हता. तुझी भावजय लेकीकडे गेली ना, नात झाली तेव्हा, चार महिन्यांसाठी? ती अजून तिकडेच आहे. नात आता शाळेत जाते. भांडण नाही, तंटा नाही. ती तिथे रमली, एवढंच. पहिल्यांदा ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणायची, मग मी विचारायचं सोडलं, मग तीही सांगायची थांबली. नात फोनवर ‘आजोबा’ म्हणते आणि पळून जाते. लोकांना मी अजून सांगतो, येईल की पुढच्या महिन्यात. तू आली असतीस तर पहिल्या मिनिटात ओळखलं असतंस. मोरीत एकच ब्रश, दाराशी एकच चप्पल. म्हणून तुला येऊ दिलं नाही. तुझ्या डोळ्यांसमोर मला असं दिसायचं नव्हतं.

तिचे नमस्कार मीच सांगत होतो. म्हणजे तू काकूंचे पाठवत होतीस आणि मी हिचे, आणि त्या दोघींना ह्यातलं काही ठाऊक नाही. काय भावंडं आहोत आपण!

सकाळी किती माणसं माझ्या हातून वर जातात, संध्याकाळी खाली येतात. सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात. कुणी कुणाकडे बघत नाही. कधी कधी वाटतं, लिफ्ट मुद्दाम अडकवावी. निदान दोन शब्द तरी बोलतील.

धाकटा


१४ मे

गाढवा,

एवढी वर्षं? आणि मी इकडे त्या बिचारीला मनातल्या मनात किती बोलले! तिची माफी माग माझ्या वतीने. नाहीतर राहू दे, ती विचारेल कशाबद्दल.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पाटावरच होते. काकूंचा निरोप उभ्यानेच वाचला. मग खांबापाशी गेले, फडकं सोडलं, घडी केली आणि ओच्यात धरून बसून राहिले. इतके दिवस वाट बघत होते तोवर ठीक चाललं होतं रे. आता वाट बघायलाही कुणी नाही. खूप रडले. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने रडता आलं, हा एक फायदा.

दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन पालिकेत गेले आणि बूटवालीला सगळं खरं सांगून टाकलं. काकू गेल्या, मी खोटं बोलले, पाणी मीच सोडत होते आणि ते का. ती पेन खाली ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, ‘आजी, दुसऱ्याचं म्हणून पाणी सोडून देणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. पण पालिकेच्या कागदात ह्याला जागा नाही. एक घर उरलं तर मला पाट बंदच करावा लागेल.’ मग तिनेच डोकं चालवलं. म्हणाली, जमीन दोघांच्या नावावर आहे ना, मग वाटणी करा. वरचा तुकडा तुमचा, खालचा भावाचा. दोन दारं, दोन पाळ्या, दोन घरं. नियमात बसतं. पण भाऊ नावापुरता नको. त्याने स्वतः येऊन आपलं पाणी घेतलं पाहिजे, आणि ती बघायला येणार.

बैठकीला आता पंधराच दिवस आहेत. सही करायला ये. राहायला ये असं मी म्हणणार नाही. म्हणजे म्हणणार नव्हते. आता लिहून गेलंच आहे तर खोडत नाही.

ताई


१२ जून

ताई,

सुखरूप पोचलो.

सही करताना मी आधी भलत्याच ओळीवर पेन टेकवलं ते तुला दिसलं, आणि तू खिडकीबाहेर बघत असल्यासारखं केलंस, तेही मला दिसलं. कारकुनाने ‘दुसरं घर कोण?’ विचारलं आणि मी ‘मी’ म्हटलं. किती दिवसांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं ज्याचं उत्तर ‘मी’ आहे. संध्याकाळी आपण दोघं पायरीवर बसलो होतो, कुणीच काही बोललं नाही, आणि तरी बरं वाटत होतं. इथे मी रोजच गप्प असतो, पण ते वेगळं.

गाडीत बसल्यावर मात्र भीती वाटायला लागली. बूटवालीसमोर मी जुलैपासून पाणी घेतो म्हणून छाती काढून सांगितलं खरं. पण ताई, मला दारं धरायचं आता आठवत नाही. वाफा फुटला तर? कांद्याला किती आणि कोबीला किती, सगळं विसरलोय. ह्या वयात तुझ्यासमोर हसं करून घ्यायचं? आणि इथलं घर बंद करायचं म्हणजे ती परत येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं होईल. एवढं एकदा मनाशी पक्कं होऊ दे. इथली कामं उरकतो आणि जुलैत येतो.

काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘फडकं तेच आहे का रे?’ मी म्हटलं, तेच, लाल. त्या म्हणाल्या, ‘विटलं असेल आता.’

धाकटा


३ ऑगस्ट

धाकट्या,

जुलै आला आणि गेला. पाऊसही तुझ्यासारखाच, येतो येतो म्हणाला आणि आला नाही; सगळी मदार पाटावर आहे.

पालिकेने मात्र शब्द पाळला. पाट आतून बांधून झालाय, कुठे म्हणून पाझर नाही. तळं खणून झालं, त्यात बगळे यायलाही लागले. लाकडी दारं काढून लोखंडी बसवली, हिरवा रंग दिलेली. माझ्यावर एक आकडा, तुझ्यावर दोन. रंग खराखुरा आहे, तुझ्या घरासारखा नाही.

आणि तुझं पाणी नाल्यात जातंय. प्रत्येक पाळीला. काल बूटवालीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बांधावर माझ्याशेजारी बसली, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. म्हणाली, ‘आजी, पुढच्या वेळी असंच दिसलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. ते दार तुम्हीच उघडा ना. मी त्या दिवशी दुसरीकडे बघेन.’ एवढं ती पोर माझ्यासाठी करायला तयार आहे. तिची नोकरी जाईल अशाने.

मला नाही जमायचं ते. तुझं दार माझ्या दारापासून हाकेवर आहे. चार ढांगा टाकल्या, हात लावला की उघडेल, कुणाला कळणारही नाही. पण मी ते एकदा उघडलं की तू कायमचा नावापुरता होशील. मग मी टेम्पोवाल्याला सांगेन, भाऊ आत झोपलाय. बूटवालीला सांगेन, आत्ताच गावात गेला. आणि एके दिवशी मलाच ते खरं वाटायला लागेल. नसलेल्या माणसाला मी दीड वर्ष बोलतं ठेवलं, धाकट्या. पुन्हा माझ्याने होणार नाही.

वाफा फुटेल म्हणतोस. फुटू दे की! माझे काय फुटत नाहीत? हसायला कुणीतरी समोर असावं म्हणून तर बोलावतेय. आणि घर बंद करू नकोस. कुलूप लाव, किल्ली शेजारी ठेव. भावजयबाई आल्या तर त्यांना पत्ता ठाऊक आहे.

पुढचं तुझं पाणी रविवारी. मी सकाळी माझं दार पाडीन, खांबाला फडकं बांधीन आणि घरात जाऊन बसेन. आलास तर आलास. नाहीतर पाट जाईल, शेत जाईल, आणि मी काकूंच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन तुझ्या लिफ्टमधून वर-खाली करीन. धमकी देत नाहीये. रागावलेलीही नाही. मला तू इथे हवा आहेस, बस्स. हे मी आधीच लिहायला हवं होतं, उगाच पालिकेला मध्ये घातलं.

ताई


७ ऑगस्ट

ताई,

लिफ्टच्या किल्ल्या आज कंपनीत देऊन आलो. साहेब म्हणाला, कुठे निघालात? म्हटलं, माझं पाणी आहे रविवारी. त्याला काही कळलं नाही, पण त्याने सही दिली.

कायमचा येतोस का, ते विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही. ह्या रविवारच्या पाण्याला येतोय. पुढच्या पाण्याचं आपण पायरीवर बसून बघू. रबरी बूट घेतलेत, एक माप मोठे निघाले. हसून घे.

काकूंना सांगायला गेलो होतो. लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. दार लागता लागता म्हणाल्या, ‘फडकं सोडलंस की घडी करून दगडाखाली ठेव. वाऱ्यावर टाकू नकोस.’

हे पत्र माझ्याआधी पोचलं तर ठरल्याप्रमाणेच कर. दार पाड, फडकं बांध आणि आत जाऊन बस. खिडकीतून बघत राहिलीस तरी चालेल. सोडायला मी येतो.

धाकटा